फ्लाय रॉड, मरळ आणि सी ट्राउट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

फ्लायच्या, म्हणजे पिसं-दोरा बांधून केलेल्या हलक्या नकली आमिषाच्या, मासेमारीवर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं वैनगंगेच्या काठची आणि झाडीपट्टीतल्या तलावांवरची आहेत, एक वेल्सला जाणाऱ्या वाचकाचं आहे. सारख्या विचारणा एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: नातेवाइकांनी परदेशातून फ्लाय रॉड आणून दिली. तिच्यावर ९ फूट आणि ८ असे आकडे आहेत. रीळ आहे, दोरा नाही. नेहमीची तंगूस भरून फेकली तर फ्लाय पायाशीच पडते. रॉड खराब आहे का? (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

रॉड चांगली आहे, दोरा चुकीचा आहे. नेहमीच्या गळाला शिसं असतं. शिसं पुढे जातं आणि तंगूस ओढून नेतं. फ्लायचं वजन एका ग्रॅमच्या आसपास, ती काहीच ओढू शकत नाही. म्हणून इथे वजन दोऱ्यातच भरलेलं असतं, आणि फेकायचा असतो तो दोरा. फ्लाय नुसती त्याच्या मागे जाते. रॉडवरचा ८ हा आकडा त्याच वजनाचा आहे: ८ नंबरच्या दोऱ्याच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण १३.६ ग्रॅम असतं. ५ नंबरचा दोरा लावला तर रॉड वाकतच नाही, १० नंबरचा लावला तर ती दबून जाते.

दुकानात ‘डब्ल्यूएफ-८-एफ’ असं लिहिलेला दोरा मागा. म्हणजे पुढच्या भागात जाड, ८ नंबरचा, तरंगणारा. खोक्यावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलेलं आहे ना, एवढं पाहूनच पैसे द्या. थंड देशांसाठीचा दोरा आपल्याकडच्या उन्हात नरम पडतो. शेवटच्या प्रश्नात त्याविषयी आलंच आहे.

रिळावर आधी ७५ ते १०० मीटर डेक्रॉनची बॅकिंग (खालचा आधाराचा दोरा) भरा, २० पौंडांची. तिच्यावर फ्लायचा दोरा. भरून झाल्यावर रिळाच्या काठापासून ५ मिलिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर घाईत गुंडाळताना दोरा चौकटीला घासून सोलतो. दोऱ्याच्या टोकाला लीडर, म्हणजे उतरत्या जाडीची तंगूस. विकतचा महाग पडतो, घरी करता येतो: ०.५० मिमी तंगूस १३० सेंमी, ०.४० मिमी ६० सेंमी, ०.३० मिमी ४० सेंमी आणि शेवटी ०.२५ मिमी ४५ सेंमी. तुकडे सर्जन गाठीने जोडा: दोन्ही टोकं एकावर एक ठेवून मोठा फास करायचा, त्यातून ती दोन्ही मिळून तीनदा फिरवायची, थुंकीने ओली करायची आणि चारही बाजूंनी सारखी ओढायची. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने तंगूस तापते आणि मासा नेमका तिथेच तोडून जातो. वरचं माप लहान फ्लायसाठी आहे, मरळीसाठी वेगळं लागतं, ते पुढे दिलं आहे.

प्रश्न: फेकताना चाबकासारखा ‘फट्’ आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. एका सकाळी तीन गेल्या. (आरमोरी, जि. गडचिरोली)

मागे गेलेला दोरा सरळ व्हायच्या आधीच तुम्ही हात पुढे आणताय. दोऱ्याचं टोक अर्ध्यातून उलटं फिरतं, आवाज होतो आणि गाठीजवळ तंगूस तुटते. उपाय म्हणजे थांबणं. जितका लांब दोरा बाहेर, तितकं जास्त थांबायचं. सुरुवातीला मान वळवून मागे बघा, दोरा सरळ होताना डोळ्यांनी दिसू द्या, मगच पुढे आणा.

घड्याळाचे काटे डोळ्यांसमोर ठेवा. तोंड ९ कडे आहे असं धरलं तर रॉड १० आणि १ यांच्यामध्येच फिरली पाहिजे. हळू सुरू करायची, वेग वाढवत न्यायचा आणि एकदम थांबवायची. रॉड थांबते तेव्हाच दोरा सुटतो, जोर लावल्याने सुटत नाही. मनगट मागे पडलं की रॉड ३ वर जाते आणि दोरा मागच्या बेशरमाच्या झुडपात अडकतो. बाहीच्या बटणात रॉडची मूठ अडकवून सराव केला तर मनगट आपोआप आवरतं.

सराव कापलेल्या धानाच्या बांधीत किंवा शाळेच्या मैदानावर करा. टोकाला गळ न लावता लाल लोकरीचा तुकडा बांधा. १० ते १२ मीटर नीट पडू लागलं की तलावावर जायला हरकत नाही, मरळीला त्याहून लांब फेकावं लागत नाही. लीडरमध्ये आपोआप गाठी पडत असतील तर पुढे आणताना तुम्ही हिसका देताय, जोर शेवटपर्यंत सारखा वाढवत न्या. डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी, ही शिस्त पहिल्या दिवसापासून. डोळ्यात गळ रुतलाच तर ओढायचा नाही, डोळ्यावर वाटी झाकून सरळ दवाखाना गाठायचा.

प्रश्न: आमच्या बोडीत (लहान तलावात) मरळ खूप. पॉपरवर (आवाज करणाऱ्या तरंगत्या फ्लायवर) झडप घालते, पाणी उडतं, पण गळाला लागत नाही. दहातली एखादीच मिळते. (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

याच तक्रारीची पत्रं सर्वांत जास्त आहेत आणि कारण बहुधा एकच निघतं: पाणी फुटलं की माणूस रॉड उचलतो. शिसाच्या गळावर ते चालतं. फ्लाय रॉड लवचीक असते, उचलल्यावर ती वाकते, सगळा जोर वाकण्यात जातो आणि गळ त्या हाडकी जबड्यावरून घसरून निघतो. शिवाय मरळीने तोंड मिटायच्या आधीच पॉपर बाहेर आलेला असतो.

रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं आणि पॉपरच्या दिशेने सरळ ठेवा. दोरा उजव्या तर्जनीखालून घ्या आणि डाव्या हाताने ओढत राहा. झडप पडली तरी हात स्तब्ध. पॉपर दिसेनासा झाला आणि दोरा स्वतःहून सरकू लागला, की डाव्या हाताने दोरा अर्धा मीटर जोरात मागे ओढा, लगेच दुसऱ्यांदा ओढा. रॉड उचलायची ती यानंतर. मग मात्र दोरा द्यायचा नाही. मरळ पहिल्या धावेत कमळाच्या देठांत नाहीतर शिंगाड्याच्या वेलींत घुसते, आणि घुसली की गेली.

म्हणून लीडर आखूड आणि जाड हवा: ०.५० मिमी तंगूस १ मीटर, पुढे ०.४० मिमी ६० सेंमी, बस. बारीक दात घासतात त्यासाठी शेवटचे २० सेंमी पुन्हा ०.५० मिमीचे ठेवले तरी चालतं, मरळ तंगूस बघून बिचकत नाही. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून पाहा. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. बारीक कानस खिशात असू द्या आणि खोडावर, दगडावर आपटल्यावर दर वेळी फिरवा.

आता फेकायचं कुठे. मरळ पाण्यातल्या प्राणवायूवर भागवत नाही, तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं. सकाळी वारा पडलेला असताना पाळीवर शांत उभं राहिलं की ‘गुळुक’ असा आवाज येतो आणि गोल लाट उठते. त्या लाटेच्या मध्यावर फेकू नका, मासा दचकून खाली जातो. मरळीचं तोंड ज्या बाजूला होतं त्या बाजूला एक मीटर पुढे पॉपर टाका, लाटा विरेपर्यंत हलवू नका. मग १०-१५ सेंमीचा एक हिसका, थांबा, आणखी एक. बहुतेक झडपा थांबलेल्या पॉपरवर येतात. बेडूकही असाच पोहतो, दोन पाय मारतो आणि पसरून पडून राहतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. पावसाळा हा मरळीच्या विणीचा मुख्य काळ. त्या दिवसांत काठाजवळ तांबूस-केशरी पिल्लांचा पुंजका पाण्याच्या वर उकळल्यासारखा हलताना दिसेल. नर-मादी त्याच्या खालीच असतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात. अशी मरळ पकडणं अगदी सोपं, आणि म्हणूनच ती पकडू नये. पालक उचलले की बाकीचे मासे आणि बगळे तो पुंजका बघता बघता संपवतात. एका माशासाठी तलावाची पुढची दोन-तीन वर्षं जातात. जून ते सप्टेंबर पुंजका दिसला की दुसऱ्या काठाला जा. दिवाळीनंतर पाणी निवळतं तेव्हा, आणि पुन्हा फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागल्यावर फ्लायला भरपूर वाव आहे.

प्रश्न: पॉपर विकत घ्यायला परवडत नाही. घरी कसा करावा? (पवनी, जि. भंडारा)

झिजलेल्या हवाई चपलेचा सोल पुरतो. १/० किंवा २/० चा लांब दांडीचा गळ घ्या. सोलमधून २५ मिमी लांब, १२ मिमी जाड गोल तुकडा कापा आणि पुढचं तोंड ब्लेडने थोडं वाटीसारखं कोरा, ‘डुबुक’ आवाज त्यानेच येतो. खालच्या बाजूने लांबीभर चीर द्या, जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको.

आधी शेपटी बांधायची. गळाच्या वाकाजवळ कोंबड्याच्या मानेची ४ ते ६ पिसं, ६-७ सेंमी लांब, बाहेरच्या बाजूला वळलेली, बेडकाच्या पायांसारखी फाकलेली. तिथेच ०.६० मिमी तंगुसाचं एक टोक बांधून ठेवा. मग दांडीवर गळाच्या डोळ्यापर्यंत (तंगूस ओवायच्या छिद्रापर्यंत) दोरा घट्ट गुंडाळा. उघड्या लोखंडावर सोल चिकटत नाही, दोन-चार फेकींत गोल फिरू लागतो. चिरेत फेविक्विक सोडून तुकडा दांडीवर दाबा आणि रात्रभर सुकू द्या. तंगुसाचं मोकळं टोक गळाच्या टोकाखालून कमानीसारखं आणून डोळ्याजवळ बांधा. ही कमान वेली बाजूला सारते, तोंड मिटल्यावर दबून गळ मोकळा करते.

नेहमी होणारी चूक अशी की सोलचा जाड भाग दांडीच्या खाली राहतो आणि गळाचं पोट भरून जातं. मग रुतायला जागाच उरत नाही. दांडी आणि टोक यांच्यातली निम्म्याहून जास्त जागा मोकळी दिसली पाहिजे. गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका. मासा सोडताना आणि स्वतःच्या बोटातून काढताना, दोन्ही वेळी त्याचा उपयोग कळतो.

मोराची पिसं वापरू का, असंही काहींनी विचारलं आहे. वापरू नका. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि कोंबड्याच्या पिसांनी काम पूर्ण होतं.

प्रश्न: नदी तर सर्वांची, मग परवानगी कोणाची घ्यायची? (सावली, जि. चंद्रपूर)

पाणी सर्वांचं असलं तरी त्यातल्या माशांवर कुणाचं तरी पोट असतं. मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बरेचसे जलाशय ढीवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्यावर घेतलेले असतात. बीज त्यांनी सोडलेलं, राखण त्यांची. संस्थेच्या अध्यक्षांना आधी भेटा, पास असेल तर पैसे भरा, मासा ठेवायचा की सोडायचा हे त्यांनाच विचारा. जाळी लावली असतील त्या बाजूला फिरकू नका. गडचिरोलीत अनेक ठिकाणी सामूहिक वनहक्क ग्रामसभेकडे आहेत. मेंढा (लेखा) गावाला ते २००९ मध्ये मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या माशांवरचा हक्कही येतो, म्हणून अशा गावांत ग्रामसभेची परवानगी घ्यायची.

मेळघाट, ताडोबा, पेंचचा तोतलाडोह, नवेगाव, चपराळा या संरक्षित क्षेत्रांत रॉड घेऊन शिरूच नका. मासा सोडून दिला म्हणून गुन्हा सुटत नाही.

प्रश्न: नोकरीसाठी वेल्सला जातोय. तिथे सी ट्राउटची मासेमारी रात्री करतात असं ऐकलं. रात्री का, आणि इथली ८ नंबरची रॉड चालेल का? (हिंगणघाट, जि. वर्धा)

सी ट्राउट आणि तिकडच्या ओढ्यांतला ब्राउन ट्राउट ही एकच जात. काही पिल्लं नदीतच मोठी होतात, काही समुद्रात उतरतात, तिथे खाऊन चांदीसारखी होतात आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात परततात. परतणाऱ्यांत माद्या जास्त. वेल्समध्ये टवी, टाइवी, डवी या नद्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मोठे मासे वसंत सरता सरता येऊ लागतात, मुख्य गर्दी जून ते ऑगस्टमध्ये.

रात्रीचं कारण सरळ आहे. उन्हाळ्यात त्या नद्यांचं पाणी कमी आणि काचेसारखं नितळ असतं. मासा दिवसभर डोहाच्या तळाशी, झाडाच्या सावलीत गप्प असतो आणि काठावर सावली हलली तरी बिथरतो. अंधार पडला की तो डोहाच्या शेपटीकडे, उथळावर सरकतो. नदीत आल्यावर तो फारसं खात नाही, तरी हलणाऱ्या वस्तूवर तोंड टाकतो. म्हणून भूक चाळवण्यापेक्षा चीड आणणं, कुतूहल जागवणं हे तिथलं काम.

सर्वांत मोठी चूक म्हणजे लवकर सुरुवात. संधिप्रकाशात दोन फेकी केल्या की डोहातले सगळे मासे सावध होतात, मग मध्यरात्रीपर्यंत काही मिळत नाही. काठावरच्या गवताचा हिरवा रंग दिसेनासा होईपर्यंत बसून राहा. डोह दिवसाच चालून ठेवा: खोल कुठे, दगड कुठे, मागे झाड किती अंतरावर. किती दोरा बाहेर काढायचा ते दिवसा ठरवून त्या जागी दोऱ्याला खूण करा, रात्री बोटाला ती लागते. टॉर्चचा झोत पाण्यावर पडू देऊ नका, गाठ बांधायची तर नदीकडे पाठ करा.

रॉड तुमची ८ ची चालेल, ७ ची अधिक बरी, १० फूट लांब असेल तर दोरा उचलणं सोपं. आधी तरंगणारा दोरा, मध्यरात्रीनंतर गारवा वाढला की हळू बुडणारा. फ्लाय काळी-चंदेरी, दोन ते तीन इंच लांब, शेवटची तंगूस ८ ते १० पौंडांची. पाण्याला आडवी, किंचित खालच्या दिशेला फेकायची आणि प्रवाहाने तिला कमानीत आणू द्यायचं, सोबत डाव्या हाताच्या बोटांनी दोरा हळूहळू गोळा करायचा. माशाचा स्पर्श कधी नुसता चिमटा काढल्यासारखा लागतो. मरळीसारखं ताडकन ओढलंत तर गळ निघून येईल, कारण याचं तोंड मऊ असतं. दोरा ताणलेला ठेवा, वजन जाणवलं की मग रॉड उचला. रिळाचा ब्रेक हलका, आणि मासा हवेत उडी मारेल तेव्हा रॉडचं टोक खाली.

इंग्लंड-वेल्समध्ये रॉडचा परवाना लागतो, आणि सामन व सी ट्राउटचा परवाना साध्या ट्राउटच्या परवान्याहून वेगळा आहे. त्याशिवाय त्या त्या नदीवरच्या क्लबची किंवा मालकाची परवानगी. कोणता मासा सोडायचाच आणि कोणता ठेवता येतो हे नियम नदीगणिक बदलतात, परवाना घेताना वाचून घ्या. इथलं सामान धुऊन पूर्ण वाळवूनच न्या, ओल्या बुटांतून आणि जाळ्यांतून माशांचे रोग एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात.

प्रश्न: मग असे ट्राउट गोसेखुर्द धरणात सोडता येणार नाहीत का? (भिवापूर, जि. नागपूर)

नाही. पाणी २५ अंशांच्या वर गेलं की ट्राउटचा जीव धोक्यात येतो, आणि विदर्भात मे महिन्यात जलाशयाचं वरचं पाणी ३० च्या पुढे असतं. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांत साडेसातच. म्हणून भारतात ट्राउट काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा थंड उंचीवरच टिकले. जगाच्या दक्षिण टोकाला, तिएरा देल फुएगोच्या रिओ ग्रांदे नदीत, १९३० च्या दशकात ब्राउन ट्राउट सोडले गेले. ते आपणहून समुद्रात जाऊ लागले आणि आज तिथले सी ट्राउट जगात नावाजलेले आहेत. तिथलं पाणी थंड होतं आणि समुद्र जवळ होता, म्हणून ते झालं. आपल्याकडे आधीच बाहेरचे मासे सोडून देशी माशांची जागा गेली आहे, त्यात भर नको.

प्रश्न: वैनगंगेवर आणि प्राणहितेवर लांबच्या डोहांवर दोघं-तिघं जाऊन राहायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? (चामोर्शी, जि. गडचिरोली)

पाण्यात उतरणार असाल तर रेतीच्या खड्ड्यांना सर्वांत जास्त भ्या. जिथे उपसा झाला तिथे गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावर जातं, वरून काही दिसत नाही. हातात कमरेपेक्षा उंच काठी, पुढे टेकवून मगच पाऊल. ज्या डोंग्यावाल्याला तो पट्टा माहीत आहे त्याला आधी विचारा, आणि त्याने नाही म्हटलेल्या जागी उतरू नका.

गोसेखुर्दला ३३ दरवाजे आहेत. तुमच्याकडे आभाळ निरभ्र असलं तरी वर पाऊस झाला असेल तर विसर्ग वाढतो आणि खालच्या पात्रात पाणी चढतं. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे पात्रातल्या रेतीवर मुक्काम नको, काठाच्या वर करा. काठाला काडी रोवून पाण्याची रेषा खुणेत ठेवा. रेषा चढली किंवा पाणी गढूळ होऊन काटक्या वाहून येऊ लागल्या, की सामान उचलायचं.

रॉड कार्बनची असते आणि कार्बनमधून वीज वाहते. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांखाली रॉड उभी धरू नका, फेकूही नका. ढग गडगडला की रॉड आडवी ठेवून तिच्यापासून दूर व्हा. एप्रिल-मेमध्ये उजाडताना सुरू करून नऊ-साडेनऊला आवरा. फोनला रेंज नसते, त्यामुळे कुठल्या डोहावर जाताय आणि कधी परतणार हे गावच्या पोलीस पाटलांना सांगून जा. मगर आहे असं गावकऱ्यांनी सांगितलं तर पाण्याच्या काठावर मासे साफ करू नका आणि पाण्यात उभं राहून मासेमारी नको.

प्रश्न: दोरा चिकट झालाय, रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. बदलावा लागेल का? (देसाईगंज, जि. गडचिरोली)

दोऱ्याला बारीक भेगा पडलेल्या नसतील तर बदलू नका. बादलीत कोमट पाणी, त्यात अंगाच्या साबणाचे दोन थेंब पुरे. दोरा सैल वेटोळ्यांनी सोडा, १५ मिनिटांनी सुती कापडातून ओढून घ्या आणि साध्या पाण्यात पुन्हा एकदा. भांड्यांची पावडर, रॉकेल, डिझेल काही लावू नका. डास पळवणाऱ्या मलमात डीट हे रसायन असेल तर ते दोऱ्याचं वरचं प्लास्टिक विरघळवतं. लावायचंच तर हाताच्या मागच्या बाजूने लावा, तळवे आणि बोटं कोरडी.

धुऊनही दोरा उन्हात मऊ पडत असेल आणि सावलीत पुन्हा ठीक होत असेल, तर तो थंड पाण्यासाठीचा आहे. तो हिवाळ्याला ठेवा, उन्हाळ्यासाठी ट्रॉपिकल घ्या. रीळ मोटारसायकलच्या डिकीत किंवा बंद गाडीत दुपारी राहू देऊ नका, आणि हंगाम संपल्यावर दोरा रिळावरून काढून मोठ्या सैल वेटोळ्यात सावलीत टांगून ठेवा.